मान लववणारा गुलाब

नर्सरीत जाऊन ‘टी रोझ आहे का?’ असं विचारलं, की माळी कुंड्यांच्या एका लांबलचक रांगेकडे बोट दाखवतो. तिथे ताठ दांड्याचे, एकेका दांड्यावर एकच टपोरं फूल धरलेले गुलाब उभे असतात. ते असतात हायब्रिड टी. बोलण्याच्या ओघात त्यातलं ‘हायब्रिड’ कधीच गळून गेलं आणि आजोबांचं नाव नातवाला मिळालं. ज्या जुन्या टी रोझच्या पोटी हे सगळे ताठ मानेचे गुलाब जन्मले, तो मूळचा टी रोझ मात्र या रांगेत सहसा सापडत नाही. तो शोधावा लागतो, ओळखावा लागतो, आणि पुष्कळदा कुणाच्या तरी अंगणातून काडी मागून आणून स्वतः रुजवावा लागतो.

एवढी खटपट करण्याजोगं त्याच्यात काय आहे? पहिलं म्हणजे तो उन्हाळी प्रदेशातलाच गुलाब आहे. युरोपातल्या कडाक्याच्या थंडीत तो मरायचा, म्हणून तिथले लोक त्याला काचेच्या घरात जपायचे. आपल्याकडच्या मोकळ्या हवेत त्याला असलं काही लागत नाही. दुसरं, तो थांबून-थांबून का होईना, पण वर्षभर फुलतो. आणि तिसरं कारण प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटतं. त्याचं फूल देठावर किंचित वाकलेलं असतं. हा दोष मानून पुढच्या पिढ्यांतून तो काढून टाकण्यात आला, पण माणसाच्या उंचीच्या झुडपावर हीच फुलं खाली वाकून थेट बघणाऱ्याच्या तोंडाशी येतात. फुलदाणीत ताठ देठ शोभतो, झुडपावर मात्र हा लववलेला देठच शोभतो.

या गुलाबाचं मूळ शोधत गेलं तर वाट मणिपूरपर्यंत येते. सर जॉर्ज वॅट यांना १८८२ मध्ये मणिपूरच्या डोंगरांत एक रानटी गुलाब आढळला. मोठमोठ्या झाडांवर चढत जाणारा, मलईच्या रंगाच्या, तळहाताएवढ्या एकेरी फुलांचा. सहा वर्षांनी ब्रह्मदेशातल्या शान टेकड्यांत सर हेन्री कॉलेट यांनाही तो दिसला. त्याचं शास्त्रीय नाव रोझा जायगँटिया. चीनच्या युन्नान भागातही तो वाढतो, आणि तिथल्या बारमाही फुलणाऱ्या रोझा चायनेन्सिसशी त्याचा संकर होऊन चिनी बागांमध्ये सुगंधी गुलाबांचं एक घराणं तयार झालं. त्यांतला एक फिकट गुलाबी गुलाब १८०९ मध्ये इंग्लंडला पोहोचला. सर अब्राहम ह्यूम यांच्याकडे तो आला म्हणून त्याला ‘ह्यूम्स ब्लश’ म्हणू लागले. रेदूते या प्रसिद्ध चित्रकाराने आपल्या गुलाबांच्या ग्रंथात त्याचं चित्र काढलं आहे. १८२४ मध्ये जॉन पार्क्स यांनी चीनहून फिकट पिवळा गुलाब आणला. युरोपातल्या टी रोझच्या घराण्याचे पूर्वज प्रामुख्याने हे दोघे. चीनहून निघालेली गुलाबाची रोपं त्या काळी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात मुक्काम करून पुढे जहाजाने जात. म्हणूनच फ्रेंच लोक चिनी गुलाबांना आजही ‘बंगालचा गुलाब’ म्हणतात.

चहाचं नाव त्याला मिळालं ते वासावरून. चहाची पेटी नुकती उघडल्यावर जो कोरडा, किंचित गोडसर दरवळ येतो, तसा वास एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना या फुलांत जाणवला. त्यामागे डायमिथॉक्सीटोल्युइन नावाचं द्रव्य असतं, आणि ते चिनी वंशाच्या गुलाबांचं वैशिष्ट्य आहे. अर्थात प्रत्येकाला या फुलात चहा जाणवेलच असं नाही. पण अत्तराच्या गुलाबाचा तो दाट, गोड, गुलकंदी वास इथे नसतो हे मात्र लगेच कळतं. वास घ्यायचा तर सकाळी आठच्या आत, अर्धवट उमललेल्या फुलाचा घ्यावा. दुपारपर्यंत तो उडून जातो.

१८६७ मध्ये फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा गुलाब आला. तो पहिला हायब्रिड टी मानला जातो. गुलाबांच्या ज्या घराण्यांचा जन्म त्याआधीचा, ती घराणी ‘जुनी’ मानायची असा गुलाबप्रेमींचा संकेत आहे. त्यामुळे १९१० सालचा ‘लेडी हिलिंग्डन’सुद्धा जुन्यांतच धरला जातो. तो नंतर जन्मला असला तरी त्याचं घराणं जुनं आहे.

आता ओळखीकडे वळू या. जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी, एखाद्या चर्चच्या आवारात, वाड्याच्या मागच्या अंगणात गुलाबाचं मोठं झुडूप दिसलं, तर आधी फुलाकडे पाहू नये. पानं पाहावीत. टी रोझचं पान गुळगुळीत, थोडं चकाकणारं आणि टोकाकडे निमुळतं असतं. कोवळी पालवी तांबूस, कधी कधी पिकल्या जांभळासारखी गडद. काटे मोठे पण विरळ, लालसर आणि खाली वळलेले. जुनं लाकूड मनगटाएवढं जाड झालेलं आणि तरी जिवंत. त्यानंतर फूल. कळी लांब आणि टोकदार, उमलताना पाकळ्यांच्या कडा मागे मुडपतात आणि पाकळीला टोक आल्यासारखं दिसतं. रंग सहसा एकच नसतो. मलईत गुलाबी, गुलाबीत जर्दाळू, पिवळ्यात तांबूस अशी सरमिसळ असते आणि ती थंडीत वेगळी, उन्हात वेगळी. फुलामागचा देठ बारीक आणि नाजूक असतो.

फसवणारे दोघे-तिघे आहेत, त्यांना आधी बाजूला काढावं. पानं फिकट हिरवी आणि खरबरीत, काटे बारीक आणि दाट, वास गुलकंदाचा, असं असेल तर तो आपल्याकडे गावठी किंवा देशी म्हणतात त्या गुलाबाच्या जातकुळीतला. झुडूप काटकुळं, फुलं लहान, झुपक्याने येणारी आणि उन्हात फिकी पडण्याऐवजी गडद होणारी असतील तर तो चिनी गुलाब. तिसरा फसवा म्हणजे खुंट. ज्या रानटी मुळावर माळी डोळा भरतो, तो खुंट वरचा गुलाब मेल्यावरही जगतो, फोफावतो, फुलतोही. जुन्या बागांत अनेकदा हाच उरलेला असतो. वर्षातून एकदाच, वसंताच्या सुमारास भरभरून फुलणारं आणि एरवी नुसतंच वाढणारं झुडूप दिसलं, तर ते खुंट असण्याची शक्यता मोठी. म्हणून शोध लागल्या दिवशीच काडी तोडायची घाई करू नये. दोन ऋतूंत दोन फेऱ्या माराव्यात.

शोधाची ही पद्धत जगात अनेकांनी चालवली आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात काही लोक जुनी दफनभूमी, ओसाड शेतघरं, रेल्वेमार्गाच्या कडा धुंडाळत गुलाब गोळा करू लागले. त्यांनी स्वतःला ‘रोझ रसलर्स’ म्हणजे गुलाबचोर असं नाव घेतलं होतं, पण त्यांचा शिरस्ता चोराचा नव्हता. मालकाला विचारायचं, झुडूप उपटायचं नाही, दोन-चार काड्याच घ्यायच्या. तिथे पन्नास-साठ वर्षं कुणी पाणी न घालता टिकलेल्या झुडपांत टी आणि चिनी गुलाब मोठ्या संख्येने निघाले. बर्म्युडा बेटावरच्या लोकांनी तर त्याहून शहाणपणाची गोष्ट केली. १९५४ मध्ये तिथे गुलाबप्रेमींची संस्था स्थापन झाली, आणि ज्या गुलाबाचं खरं नाव कळत नाही त्याला तो सापडल्या जागेचं किंवा जिच्या अंगणात तो होता त्या बाईचं नाव द्यायचं असं तिथे ठरलं. ‘स्मिथ्स पॅरिश’ हा गुलाब त्यातलाच. पांढऱ्या पाकळीवर मधूनच लाल रेघ उमटवणारा.

आपल्या वाचकांनी हीच रीत उचलावी. सापडलेल्या गुलाबावर ऐकीव किंवा इंटरनेटवरच्या फोटोवरून बेतलेलं फ्रेंच नाव चिकटवू नये. ‘पाचगणी, पिवळसर, पायरीजवळचा’ एवढं लिहिलं तरी ते खरं असतं, आणि खोट्या नावापेक्षा शंभर पटीने उपयोगी असतं. नावांचा घोळ जाणकारांच्याही वाट्याला येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सहा मैत्रिणींनी वर्षानुवर्षं टी रोझ स्वतः वाढवून, जुनी वर्णनं आणि प्रत्यक्ष झाडं ताडून पाहून २००८ मध्ये उष्ण हवेतल्या टी रोझवर एक जाडजूड पुस्तक काढलं. बाजारात एकाच नावाने वेगवेगळे आणि वेगवेगळ्या नावांनी एकच गुलाब विकला जातो, हे त्यांनी जातीगणिक दाखवून दिलं.

काडी कशी घ्यावी, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं.

ज्या फांदीवरचं फूल नुकतंच गळून गेलं आहे, अशी पेन्सिलीच्या जाडीची फांदी निवडावी. तिच्यावरचा एक काटा अंगठ्याने आडवा दाबावा. तो कट्‌कन सुटून आला आणि खाली ओलसर, हिरवट खूण उरली, तर फांदीचं वय योग्य आहे असं समजावं. काटा नुसताच वाकला तर ती कोवळी, आणि सालीसकट सोलून निघाला किंवा हललाच नाही तर ती जून. सहा ते आठ इंच लांबीचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा धारदार सुरीने कापावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. त्यामुळे शेंडा कुठला, बूड कुठलं हे नंतर विसरायला होत नाही. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढावीत. बुडाशी एका बाजूने इंचभर साल अगदी हलकेच खरवडावी. मुळं पुष्कळदा याच कडेने फुटतात. काडी ओल्या कापडात गुंडाळून घरी आणावी आणि त्याच दिवशी लावावी.

लावायला मातीची कुंडी नको, पारदर्शक प्लास्टिकचा मोठा पेला घ्यावा. त्याच्या तळाला तीन-चार भोकं पाडावीत. त्यात धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं भरावं, पेन्सिलीने भोक करून रूटिंग पावडर लावलेली काडी निम्म्यापर्यंत आत बसवावी, बोटांनी भोवताल दाबावा, एकदाच भरपूर पाणी घालावं. वरून बूड कापलेली पाण्याची बाटली टोपीसारखी पालथी घालावी. पेला उजेडात पण सावलीत ठेवावा. उन्हात ठेवला तर बाटलीच्या आत काडी शिजते. महाराष्ट्रात या कामाला पाऊस ओसरल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ चांगला. तीन आठवड्यांत काडीला पालवी फुटली, की लोक आनंदाने ती मोठ्या कुंडीत हलवतात आणि दोन दिवसांत ती माना टाकते. ती पालवी काडीतल्या शिल्लक शिदोरीवर आलेली असते, मुळं अजून नसतातच. पेला पारदर्शक घ्यायचा तो यासाठीच. कडेला पांढरी मुळं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत हात लावू नये. दीड-दोन महिने लागतात. एकाऐवजी सहा-सात काड्या लावाव्यात. ज्या झुडपाच्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा असतील त्याची काडी घेऊ नये. तो विषाणूजन्य रोग असतो आणि काडीबरोबर तोही घरी येतो.

जुनं झुडूप अगदी जवळच्या माणसाकडे असेल आणि वारंवार जाणं होत असेल, तर पावसाळ्याच्या आरंभी गुटी बांधणं अधिक खात्रीचं. स्वतःच्या मुळांवर वाढलेला टी रोझ हा डोळा भरलेल्यापेक्षा सुरुवातीला हळू वाढतो, पण त्याला खुंटाचे फुटवे काढत बसावं लागत नाही. आणि काही कारणाने वरचा भाग गेला, तरी खालून फुटतो तो तोच गुलाब असतो. घरच्या बागेसाठी हाच मार्ग बरा.

लागवडीत जागेचा हिशेब आधी करावा. पाच-सहा फूट उंच आणि तितकंच रुंद होणारं हे झुडूप आहे. हायब्रिड टीसारखं दोन-अडीच फुटांवर लावलं, तर तिसऱ्या वर्षी शेजारच्या रोपांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. पाच-सहा तास ऊन हवं. विदर्भ-मराठवाड्यात ते सकाळचं असावं आणि दुपारी भिंतीची किंवा झाडाची सावली पडावी. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. काळ्या भारी जमिनीत खड्डा हा पाणी साठवणारा हौद होतो, म्हणून तिथे फूटभर उंचीचा गादीवाफा करून त्यावर लावावं. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर खत वाढवू नये. ती लोहाची कमतरता असते आणि तिच्यावर चिलेटेड लोहाची फवारणी लागू पडते. कुंडीत लावायचा असेल तर अठरा इंचांहून लहान कुंडी घेऊच नये. मुळांवर उसाचं पाचट किंवा वाळक्या पानांचं जाड आच्छादन घालावं, मात्र ते खोडापासून चार बोटं दूर ठेवावं.

छाटणी हा सगळ्यात नाजूक विषय. पावसाळा संपला, की महाराष्ट्रातले माळी कात्री घेऊन निघतात आणि गुलाब गुडघ्याएवढा खाली आणतात. हायब्रिड टीला ते मानवतं. टी रोझला ते सोसत नाही. याचं सारं बळ जुन्या लाकडात साठवलेलं असतं. तेच कापलं, तर झुडूप पुन्हा पहिल्या वर्षावर येऊन बसतं, कधी कधी मरतंही. काळजीने लावलेले टी रोझ रोगाने जातात त्याहून अधिक कात्रीने जातात, असं म्हणायला हरकत नाही. पहिली तीन वर्षं वाळलेली काडी सोडून काहीच कापू नये. पुढेही मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढाव्यात, बाकीचा आकार झुडपावर सोडावा. मोठा काप घेतलाच तर त्यावर बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येते. माळ्याकडून काम करून घेणाऱ्यांनी त्या दिवशी स्वतः झुडपाजवळ उभं राहावं. सवयीचा हात असतो, बोलता बोलता चालून जातो.

कीडरोगांचं फार भय बाळगू नये. जून-जुलैत, पहिल्या पावसांनंतर, रात्री हुमणीचे भुंगे येऊन पानांची चाळण करतात. टॉर्च घेऊन ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं हाच सर्वांत सोपा उपाय. मार्च ते मे लाल कोळी येतो. पान मागून धुळकट दिसतं आणि बारीक जाळी दिसते. पाइपने पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा चार दिवसांआड मारला की तो आटोक्यात येतो. थंडीत मावा आणि भुरी येते. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून केलेली फवारणी, तीही ऊन कललं की करावी. कोकणातल्या सततच्या पावसात काळे ठिपके येऊन निम्मी पानं गळतात. घाबरू नये, दसऱ्यापर्यंत ती पुन्हा येतात. मे महिन्यात फुलं लहान आणि फिकी होतात, हेही धरून चालावं. खरा बहर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

जातींपैकी कोणती निवडावी हे हवेवर ठरतं. खूप पाकळ्यांची, जड फुलं दमट हवेत उमलत नाहीत, कळीतच कुजतात. म्हणून कोकण-गोव्याकडच्यांनी कमी पाकळ्यांच्या जाती शोधाव्यात. ‘साफ्रानो’, सन १८३९, हिची कळी केशरी-पिवळसर असते आणि फूल सैलसर. किंवा मघाशी आलेला ‘लेडी हिलिंग्डन’, जर्दाळूच्या रंगाचा, आलुबुखारासारख्या गडद पालवीचा. देशावरच्या कोरड्या हवेत ‘डचेस द ब्राबांत’, सन १८५७, वाटीसारखं गुलाबी फूल आणि भरपूर वास. पण तिला भुरी लवकर लागते. ‘मिसेस बी. आर. कँट’, सन १९०१, दणकट आणि मोठ्या अंगणासाठी. ‘जनरल गालिएनी’, सन १८९९, तांबडा, विटकरी, पिवळट असे रंग ऋतूगणिक बदलणारा. आणि ज्याला मणिपूरच्या रानगुलाबाचं रक्त थेट हवं, त्याने कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी रोझा जायगँटियापासून तयार केलेल्या जातींवर लक्ष ठेवावं. भारतीय उष्ण हवेसाठी गुलाब घडवण्यात त्यांनी आयुष्य वेचलं.

ह्यूस्टन, सॅन होजे किंवा पर्थमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांचं काम सोपं आहे. तिथली हवा टी रोझची आवडती, आणि जुन्या गुलाबांच्या खास नर्सऱ्या टपालानेही रोपं पाठवतात. पण भारतात येताना तिथली काडी बॅगेतून आणण्याचा मोह टाळावा. २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र याशिवाय रोप आणता येत नाही. नियम त्रासाचा वाटला तरी योग्य आहे. एका काडीबरोबर आलेला रोग तळेगावच्या गुलाबशेतीत शिरला, तर अनेक घरांच्या चुली त्याने विझतील.

रुजलेल्या सहा काड्यांपैकी दोन आपल्याकडे ठेवाव्यात, एक ज्या घरातून आणली त्या घरी परत द्यावी, कारण मूळ झुडूप बांधकामात कधी जाईल याचा नेम नसतो, आणि उरलेल्या वेगवेगळ्या गावच्या मित्रांना. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्याने कोरलेला मजकूर पावसाने पुसला जात नाही. कुठून आणला, कुणाच्या अंगणातला, कोणत्या महिन्यात लावला, एवढं त्यावर लिहावं आणि पट्टी तारेने सैल अडकवावी. घट्ट बांधली तर दोन-तीन वर्षांत ती तार सालीत रुतते.